आयटी म्हणजे नक्की काय ओ? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात, पावसाळ्यात वेगळेच प्रश्न येतात आणि 'खात्यातनं पैसे गेले, काय करू' हे तर बारा महिने चालूच असतंय. आमचं काम दुकानदारांना आणि दूध संस्थांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, पण लोकांना वाटतं ह्याला कॉम्प्युटरमधलं सगळंच येतं. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून इथं एकदाच लिहून टाकलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, नावं तेवढी काढलीत. एकाचं उत्तर दुसरीकडं असेल तिथं नंबर दिलाय, तिकडं जावा.

१. आयटी आयटी म्हणतात ते काय असतंय? कॉम्प्युटर शिकला म्हणजे आयटी झालं का?

सकाळी गावातल्या डेअरीवर जावा आणि नीट बघा. दूध काट्यावर ओतलं की लिटर स्क्रीनवर येतात, सॅम्पल मशीनला लावलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) येतं, त्यावरनं दर लागतो, चिठ्ठी बाहेर पडते आणि काही ठिकाणी तुम्ही घरी पोचायच्या आत मोबाईलवर मेसेज पण येतो. दहा दिवसांनी त्याच आकड्यांची बेरीज होऊन बिल थेट बँकेत. यात काटा आला, मशीन आलं, प्रोग्रॅम आला, नेटवर्क आलं, कुठंतरी साठवलेला डेटा आला आणि हे सगळं चालवणारा सेक्रेटरी पण आला. ह्या सगळ्या जोडणीला मिळून आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान म्हणायचं. माहिती गोळा करायची, साठवायची, तिचा हिशोब करायचा आणि पाहिजे त्याला पाहिजे तवा पोचवायची, एवढंच मूळ काम. कॉम्प्युटर त्यातला एक डबा.

आता पूर्वी काय होतं, सेक्रेटरीच्या वहीत जे उतरेल ते खरं, म्हशीच्या दुधाला फॅट साडेसहा लागलं का सहा ते तो म्हणेल ते. आता मशीन म्हणेल ते. भांडणं कमी झाली हे मी स्वतः बघतोय. पण मशीन शेवटचं तपासलं कधी आणि कुणी, हे विचारणारा गावात एक तरी पाहिजे, नाहीतर वही गेली आणि स्क्रीन आली, बाकी आहे तेच.

२. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आयटी इंजिनिअरिंग, बीसीएस, बीसीए… पोराला कुठं घालू?

इंजिनिअरिंगमधल्या कॉम्प्युटर आणि आयटी ह्या दोन शाखांचा अभ्यासक्रम बराचसा सारखाच असतो आणि नोकरी देणारा ह्या दोघांत फरक करत नाही, त्यामुळं एका शाखेसाठी लांबचं महागडं कॉलेज धरू नका. त्याला एमएचटी-सीईटी लागते. बीसीएस म्हणजे सायन्सवाल्यांची तीन-चार वर्षांची डिग्री, शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत लई जुनी आणि चांगली रुळलेली, आमच्या ओळखीतले निम्मे प्रोग्रॅमर ह्यातनंच आलेत. बीसीए बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या पोरांना घेता येतं, पण एक लक्षात ठेवा, २०२४ पासून बीसीए-बीबीएला पण सीईटी आलीय, थोरल्या भावानं नुसता फॉर्म भरून घेतलं होतं म्हणून धाकट्याचं तसंच होईल असं धरून बसू नका.

माझं मत विचाराल तर डिग्रीच्या नावापेक्षा त्या कॉलेजच्या लॅबला कुलूप किती वेळ असतंय ते बघून या.

३. पोरगी आर्ट्सला आहे, गणित कच्चं आहे. हिला आयटीत काय होईल का?

होईल की. बीसीए आहे (वरचा २ बघा), आयटीआयला कोपा म्हणून एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यातनं ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंटचं काम मिळतं. वेबसाइटचा मजकूर, डिझाइन, टेस्टिंग, कस्टमर सपोर्ट ह्या कामांना कॅल्क्युलस लागत नाही. पण 'कॉम्प्युटरला गणित लागत नाही' असं कुणी म्हणालं तर ते पण खोटं, डेटा आणि एआयकडं जायचं असेल तर आज ना उद्या गणिताला हात घालावाच लागतो.

४. कोल्हापुरात आयटीचं काम आहे का, का बॅग भरून पुणंच गाठायचं?

पुण्याचं आधी समजून घ्या. इन्फोसिसची सुरुवात १९८१ साली पुण्यातच झाली, सी-डॅक ही सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था १९८८ मध्ये तिथंच उभी राहिली आणि १९९१ ला परम सुपरकॉम्प्युटर तिथूनच आला. सॉफ्टवेअर एक्सपोर्टला सरकारी सवलती, भरपूर इंजिनिअरिंग कॉलेजं, मुंबई जवळ, आणि मग २००० च्या आधी वायटूकेचं काम आलं, जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले ते चार करायचे. त्यात हजारो पोरं लागली. हिंजवडी त्यानंतर फुगली. म्हणजे कोल्हापूरचं डोकं कमी पडलं असं काही नाही, तिथं एकाला एक लागून सगळं जमत गेलं.

आता इथलं. 'आयटी कंपनी' अशी पाटी शोधत बसला तर कमी दिसतील, आहेत, पण कमी. खरं काम पाटीशिवाय आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्र्यांत जावा. पूर्वी पॅटर्न करायचा, साचा भरायचा, धातू ओतायचा, गार झाल्यावर फोडून बघायचं आणि आत पोकळी निघाली की कपाळाला हात. आता ओतायच्या आधी स्क्रीनवर ओततात. लोखंड कुठनं आत शिरेल, कुठला कोपरा शेवटी गोठेल, कुठं पोकळी धरेल ते सॉफ्टवेअर रंगांत दाखवतं, मग रायझर (गोठताना साच्याला जादा धातू पुरवणारा कप्पा) हलवायचा आणि परत बघायचं. पण ते रंग बघून 'इथं नाही ओ, हे मशीन चुकतंय' म्हणायला ओतकामाची जाण लागते, आणि ती उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रीकडं आहे. त्या मिस्त्रीशेजारी सहा महिने बसलेलं आणि सॉफ्टवेअर पण येणारं पोरगं मिळत नाही म्हणून मालक रडतात. त्याशिवाय सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग, कारखान्यांचं ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर), पतसंस्था, दूध संघ, हॉस्पिटलं, इचलकरंजीचे माग.

पगार पुण्यापेक्षा कमी, हे लपवत नाही. पण तिथलं भाडं, डबा आणि ट्रॅफिकमधला वेळ वजा करून मग तुलना करा. सुरुवातीला दोन-चार वर्षं पुण्यात काढून शिस्त शिकून परत येणं हा रस्ता मला सगळ्यात बरा वाटतो.

५. क्लासवाले शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात, फी ऐंशी हजार. भरू का?

आधी मागच्या बॅचच्या चार पोरांशी क्लासवाला समोर नसताना बोला. 'प्लेसमेंट' म्हणजे नोकरी का नुसता इंटरव्ह्यू हे लेखी घ्या. आणि नोकरी लावतो म्हणून कुणी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागितले तर तिथनं उठा. कंपनी पगार देते, घेत नाही. शिकायचं सामान इंटरनेटवर फुकट पडलंय, क्लास कशाला पाहिजे तर रोज उठून बसायची सवय लागावी म्हणून, आणि तेवढ्यासाठी ऐंशी हजार जास्त आहेत.

६. एआय आलंय, आता कोडिंग शिकून काय करायचं? सगळं तेच लिहितंय की!

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं तेव्हापासून हा प्रश्न दर आठवड्याला येतोय. साधं कोड, ठरावीक टेस्टिंग, डेटा एन्ट्री, कॉपी-पेस्टची कामं जाणार, काही गेलीत पण. मी स्वतः रिपोर्टचा फॉरमॅट त्याच्याकडून करून घेतो. पण परवा एका व्यापाऱ्याच्या गुळाच्या हिशोबात अडत, हमाली, तोलाई कुठल्या क्रमानं वजा करायची ते चॅटजीपीटीनं दणक्यात चुकवलं, आणि चुकलेलं इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं की नवख्या पोरानं तसंच चालू केलं असतं. म्हणजे व्यवहार कळणारा माणूस लागतोच. फक्त भाषा पाठ करून येणाऱ्याचं अवघड आहे. कायद्याची कलमं आणि औषधाचा डोस त्याला विचारून तसाच वापरू नका, ते नसलेली कलमं पण बिनधास्त सांगतंय.

७. पोरगं दिवसभर मोबाईलवर असतंय, आयटीत चांगलं जाईल ना?

दिवसभर एसटीत बसणारा ड्रायव्हर होत नाही ओ.

८. शेतकऱ्याला ह्या आयटीचा काय उपयोग झाला? का नुसते हेलपाटे?

दोन्ही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे आणि आपल्यालाच माहीत नसतं. तात्यासाहेब कोरेंनी उभ्या केलेल्या वारणा साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. कोल्हापूर-सांगलीतली सुमारे ७० गावं, गावात कॉम्प्युटर, कारखान्याशी जोडलेले. बाजारभाव, शेतीची माहिती, इंटरनेट असं बरंच काही ठरलं होतं. पुढं बघितलं तर शेतकरी मुख्यतः विचारायचा काय, तर माझा ऊस किती टन भरला आणि खताचं किती लागलं. चार आकडे. त्यासाठी कॉम्प्युटर, वीज, मॉडेम, दुरुस्ती असा सगळा लवाजमा. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं, खर्च कितीतरी कमी, आणि लोकांना आवडलं पण. माझ्या धंद्यात कुणी मोठं सॉफ्टवेअर विकायला आलं की मी हेच सांगतो, आधी विचारणाऱ्याला नेमकं काय पाहिजे ते बघा.

हेलपाट्यांचं म्हणाल तर ई-पीक पाहणी बघा. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून करायची. कल्पना चांगली, घरबसल्या पिकं लिहायची सवय मोडली. पण गगनबावड्याकडं, शाहूवाडीकडं रेंज शोधत बांधावर फिरणारे म्हातारे पण बघितलेत. ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही त्यानं शेजाऱ्याचा वापरावा, एका मोबाईलवरनं अनेक खातेदारांची नोंद होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

९. ऑनलाइन सातबाऱ्यावर आज्याच्या नावातच चूक आलीय. ऑफिसात म्हणतात 'सिस्टीममध्येच तसं आहे'. आता?

सिस्टीममध्ये ते कुणीतरी माणसानंच भरलंय. हाताच्या सातबाऱ्यावरनं कॉम्प्युटरवर घेताना ढीगभर चुका झाल्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लेखनातली चूक दुरुस्त करायची सोय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे, अर्ज तहसीलदारांकडं. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफार जोडा, अर्जाची पोच घ्या. पण हे फक्त लिहिताना झालेल्या चुकीसाठी. हक्काचाच वाद असेल, वाटणीत हिस्सा कमी लागला असेल, तर १५५ मध्ये ते बसत नाही, तिथं अपील किंवा कोर्ट आणि वकील.

नुसता बघायला जो फुकट सातबारा दिसतो तो माहितीपुरता. कामाला लागणारा डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो, त्यावर परत शिक्का मारून घ्यायला जायची गरज नाही.

१०. आईचा अंगठा मशीनवर उठत नाही, रेशन दुकानदार परत पाठवतोय. काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो. आयुष्यभर ऊस तोडला, भांडी घासली, भट्टीवर काम केलं, त्या बोटांच्या रेषा झिजलेल्याच असणार. देशातला पहिला आधार नंबर सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यातल्या नंदुरबारच्या टेंभलीत, एका आदिवासी गावात दिला गेला, म्हणजे हे सगळं सुरू झालं ते गरिबाला ओळख मिळावी म्हणूनच. आणि अडतो पण तोच.

तर मार्ग असे. मशीनवर दहाही बोटं लावून बघा, एखादं लागतं. बोटं धुवून, पुसून, थोडी ओलसर ठेवून. मग डोळ्यांचं स्कॅन किंवा मोबाईलवरचा ओटीपी, म्हणून आईच्या आधारला चालू नंबर जोडलेला असू द्या, पोराचा जुना बंद पडलेला नको. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं देता येतात, त्यानं बऱ्याचदा काम होतं. घरातल्या कार्डावर नाव असलेल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. आणि तरी नाहीच झालं तर परत पाठवायचा अधिकार दुकानदाराला नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या आधार निकालात म्हटलंय की पडताळणी झाली नाही म्हणून हक्काच्या माणसाला लाभ नाकारू नये. पुरवठा निरीक्षकाकडं लेखी तक्रार द्या. भांडू नका, दुकानदाराला पण मशीनच अडवतंय, पण लेखी द्या.

कुठलीही सिस्टीम बसवताना 'नाही जमलं तर दुसरा रस्ता कुठला' हे ज्यानं लिहिलं नाही त्यानं अर्धंच काम केलंय. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पण हाताने नोंद करायचं बटण असतं, कोण नोंदवतंय ते नावासकट साठतं.

११. 'कस्टम्समधनं बोलतोय, तुमचं पार्सल अडकलंय, डिजिटल अरेस्ट' असा व्हिडिओ कॉल आला, पैसे गेले. परत मिळतील का?

डिजिटल अरेस्ट असली कायद्यात काही भानगड नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि खातं 'तपासायला' पैसे मागत नाहीत. पैसे गेले असतील तर हे वाचणं थांबवा आणि आत्ता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, नंतर ते दहा खात्यांत पांगतात. त्यानंतर सायबर पोलिसांत लेखी तक्रार.

परत मिळण्याचा नियम असा, की चूक बँकेची असेल तर बँक भरते. तिसऱ्याच कुणी सिस्टीममध्ये घुसून पैसे नेले आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काही येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आदेश आहे. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाज वाटून दोन दिवस घरात लपवू नका, चांगले शिकलेले डॉक्टर-प्राध्यापक पण फसतात. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा चोरच.

१२. फसवणूक नाही, माझ्याच चुकीनं दुसऱ्याच नंबरला यूपीआय झालं. हे पण १९३० ला का?

नाही, ते ११ वेगळं. इथं आधी ॲपमधनं त्या व्यवहारावर तक्रार टाका, मग बँकेत लेखी. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातनं परस्पर काढून देत नाही, म्हणून वेळ लागतो. ३० दिवसांत बँकेनं काहीच केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. पुढच्या वेळी पिन टाकायच्या आधी स्क्रीनवरचं नाव वाचा, तिथं एक सेकंद थांबायला काय जातंय.

१३. सरकारनं नेट बंद केलं तर गल्ला पण बंद का?

जून २०२३ ला शहरात नेट बंद होतं तेव्हा भाजीवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की खिशात नोटा ठेवायची सवयच गेलीय. यूपीआय २०१६ ला आलं, पण आपण तिच्यावर किती टेकलोय ते अशा दिवशी कळतं. नुसतं इंटरनेट बंद असेल आणि कॉल चालू असतील तर स्टार ९९ हॅश डायल करून यूपीआय होतं, साध्या फोनवर पण, एका वेळी ५००० पर्यंत. त्यासाठी आधी एकदा सेट करून ठेवायला लागतं, बंद पडल्यावर शोधत बसू नका. असा बंदीचा आदेश जाहीर करावा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलंय. धंदेवाल्यांनी एक वही ठेवाच, आमचं सॉफ्टवेअर घेतलं असलं तरी.

१४. महापुरात दुकानातला कॉम्प्युटर बुडाला, टॅलीचा डेटा निघेल का?

हार्डडिस्क चालू करून बघायचा मोह टाळा, आत गाळ असताना चालू केली की उरलंसुरलं पण जातं. वाळत पण घालू नका, तशीच ओलसर पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या. निघेल किंवा नाही, खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

२०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत किती जणांच्या उधाऱ्या अशा वाहून गेल्या त्याची मोजदाद नाही. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक दुकानाबाहेर. आणि ती बाहेरची प्रत नदीच्या दुसऱ्या काठावरच्या पाहुण्याकडं ठेवून उपयोग नाही, उंचावर किंवा क्लाउडवर ठेवा. महिन्यातनं एकदा बॅकअप उघडून बघा. बॅकअप घेतोय असं सगळेच म्हणतात, उघडून बघणारा विरळा.

१५. लग्नपत्रिकेचा मजकूर डीटीपीवाल्यानं पाठवला, व्हॉट्सअॅपवर सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. त्यानं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. तुमच्या मोबाईलवर तो फॉन्ट नाही म्हणून चेहरा उतरला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर असतो म्हणून ते सगळीकडं सारखं दिसतं. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि 'ऱ्य' एकदा डोळ्याखालनं घाला, पाव्हण्याचं आडनाव चुकलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतंय.

१६. मी ग्रुप ॲडमिन आहे. कुणीतरी पुराची खोटी पोस्ट टाकली तर मी आत जाईन का?

नुसता ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टची शिक्षा तुम्हाला होत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तसं म्हटलंय. पण ती पोस्ट तुमच्या संगनमतानं आली असेल किंवा तुम्हीच पुढं ढकलली असेल तर तुमचं तुम्ही बघा. कुणी आयटी कायद्याच्या ६६-अ ची धमकी दिली तर ते कलम २०१५ लाच रद्द झालंय, इतर कलमं आहेत मात्र.

पुराचं म्हणाल तर दर जुलैला २०१९ चे फोटो परत फिरतात आणि खालच्या गल्लीतली माणसं रात्री सामान हलवायला लागतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे दोन आकडे पाठ ठेवा. पोस्टवर तारीख, वेळ आणि कुठल्या कार्यालयाची माहिती हे तिन्ही नसेल तर ॲडमिन म्हणून बिनधास्त डिलीट करा, कोण रुसलं तर रुसू दे.